पंचगंगा ०.४ : अखेर 'दऱ्या' उमटल्या

काल रात्री पावणेएकला पंचगंगाच्या, म्हणजे मी छंद म्हणून लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, पडद्यावर 'पन्हाळ्याच्या दऱ्या' ही अक्षरं आपण वहीत लिहितो तशीच उमटली. फाइलच्या आतही आणि फाइलच्या नावातही. या एका 'ऱ्या'पायी तेवीस दिवस गेले. त्यामुळे नेटवर्कचं जे काम मागच्या नोंदीत कबूल केलं होतं, त्यातली एक ओळही लिहून झालेली नाही. ०.४ मधलं बाकीचं आधी उरकतो आणि मग 'ऱ्या'कडे येतो.

सरकणाऱ्या मजकुराचा प्रश्न सुटला. ०.३ मध्ये लांब यादी काढली की पडदा रखडत रखडत वर जायचा, हे तुमच्यापैकी तिघांनी कळवलं होतं. मी ओळी वर ढकलताना थेट फ्रेमबफरमधून, म्हणजे पडद्याचं चित्र ठेवणाऱ्या व्हिडिओ मेमरीतून, वाचत होतो आणि तिथेच परत लिहीत होतो. व्हिडिओ मेमरीत लिहिणं परवडतं, तिच्यातून वाचणं फार महाग पडतं. १३६६ बाय ७६८ च्या पडद्याला दर ठिपक्यामागे चार बाइटच्या हिशेबाने ४१,९६,३५२ बाइट लागतात, आणि दर ओळीमागे एवढा सगळा गठ्ठा मी उचलून ठेवत होतो. आता पूर्ण पडद्याची एक प्रत रॅममध्ये राहते, बदल तिच्यात होतात आणि बदललेल्या ओळी तेवढ्या पुढे जातात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर यादी आता सर्रकन जाते. हे करताना ओळीची मेमरीतली लांबी १३६६ धरू नका, बूटच्या वेळी, म्हणजे मशीन सुरू होताना, तिचं फर्मवेअर (यूईएफआय) जी देतं तीच घ्या. मी एकदा विसरलो आणि अख्खा पडदा तिरका झाला.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची आहे. 'ल' आता पाकळीचा येतो आणि 'श' देठाचा. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली आहेत, पण फॉन्टला भाषा मराठी आहे हे सांगितलं नाही तर बरेच फॉन्ट हिंदी वळणाची रूपं देतात. मी ग्लिफ, म्हणजे अक्षरांची चित्रं, आधीच भाजून (तयार करून) कर्नलसोबत, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासोबत, ठेवतो, त्यामुळे भाजणाऱ्या पायथन स्क्रिप्टमध्ये भाषेचा टॅग मराठी केला आणि तिथंच फॉन्टमधले भाषेनुसार रूप बदलणारे 'लोकल'चे नियम लागू करून घेतले. बूट होताना 'राजर्षी शाहूंचं कोल्हापूर' अशी ओळ येते. तिच्यात माझ्या शेपरची, म्हणजे जोडाक्षरं जुळवणाऱ्या भागाची, सगळी परीक्षा आहे: 'ल्ह' हे जोडाक्षर, देठाचा 'श', आणि 'र्षी'मध्ये दीर्घ वेलांटीच्याही पलीकडे जाऊन बसणारा रफार. ती ओळ खऱ्या मशीनवर पहिल्यांदा आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

शेड्यूलर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम कधी चालेल ते ठरवणारा भाग, टायमरवर आला आहे आणि एक अडकलेला प्रोग्रॅम आता सगळ्यांना अडकवत नाही. त्यावर वेगळं लिहीन.

आता 'ऱ्या'.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. पन्हाळा ते पावनखिंड ते अनेकदा चालत गेलेत आणि त्या वाटेच्या आठवणी फोनवर लिहून ठेवतात. चाचणीला खरा मराठी मजकूर हवा म्हणून मी त्यांची फाइल पंचगंगावर उघडली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि बोट ठेवलं.

"हे दर्या झालंय की रे. दर्या म्हणजे समुद्र. मी दऱ्या लिहिलंय."

खाली 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. रोज दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांत ही चूक बघून आपण हळहळतो, आणि माझीच सिस्टिम तीच चूक छापत होती. मराठीत हा बारीकसा फरक अर्थ बदलतो. आचार्यास मान देतात, आचाऱ्यास स्वयंपाक सांगतात. त्या रात्री ठरवलं की हे सुटल्याशिवाय पुढची एकही गोष्ट हातात घ्यायची नाही.

पहिला दोष लवकर सापडला. 'ऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, आणि पुढे हलन्त. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, डी, मग य आणि काना. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे, यू+२००डी. हा जोडक शेपरला सांगतो की इथे रफार करू नकोस, अर्धा र ठेव. आप्पांची फाइल दुसऱ्या तऱ्हेची होती. आणि मी ०.२ च्या काळात फाइल वाचतानाच शून्य रुंदीची सगळी अक्षरं गाळणारी आठ ओळींची चाळणी लावून ठेवली होती. न दिसणारी अक्षरं उगाच जागा खातात, असं तेव्हा वाटलं होतं. जोडक गळला की उरतो र, हलन्त, य, म्हणजे सरळ रफार. चाळणी काढली, आप्पांची फाइल शुद्ध झाली. आप्पांनी चष्मा लावून पूर्ण फाइल वाचली आणि "आता बरोबर" म्हणाले.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, मी 'दऱ्या' नावाची नवी फाइल केली. टाइप करताना अक्षर चोख. एंटर दाबून यादी काढली, तर त्याच नावात र, त्याखाली नुक्त्याचा टिंब, बाजूला पाय मोडलेला उघडा हलन्त आणि मग सुटा 'या'. वरच्या ओळीत बरोबर, खालच्या ओळीत चूक, शब्द तोच आणि फॉन्टही तोच.

मी शेपरवर संशय घेतला आणि तिथेच चुकलो. अर्ध्या रूपांचा भाग तीनदा नव्याने लिहिला. तीन फॉन्ट बदलून ग्लिफ पुन्हा भाजले. नुक्ता कुठून येतोय हे शोधायला ग्लिफचा तक्ता छापून भिंतीला लावला. माझा मामा महाद्वार रोडजवळ डीटीपीचं काम करतो, त्याला तक्ता दाखवला. तो जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टवर वाढलेला माणूस. त्यांच्याकडे हा अर्धा र स्वतंत्र कळीवर असतो, दाबला की तोच येतो, मध्ये कुणी शेपर नाही. तो म्हणाला, "तुझ्या तक्त्यात अक्षर हाय की. म्हंजे चूक तक्त्यात न्हाई, त्येला बोलावणाऱ्यात हाय." मला ते तेव्हाच पटायला हवं होतं.

क्यूएमूत, म्हणजे संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बाइटची यादी (हेक्स डंप) काढून बघता आली असती, पण मी ठरवून खऱ्या मशीनवर काम करत होतो. क्यूएमू उत्तम आहे, त्याच्यावाचून या छंदात पाऊल टाकू नये, पण ते फार समजूतदार आहे. खऱ्या हार्डवेअरवर ज्या चुका अंगावर येतात, त्यातल्या निम्म्या ते पोटात घालतं. म्हणून आतले बाइट बाहेर काढायला राजारामपुरीतून सिरियल पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप आणला होता. त्याला लॅपटॉप जोडायला ऑनलाइन मागवलेली यूएसबी-सिरियल केबल नकली चिपची निघाली, सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगाला दर दहा-बारा अक्षरांनंतर कचरा द्यायची. विकणाऱ्याने दोन आठवडे उत्तर दिलं नाही. शेवटी आमच्या उद्यमनगरातल्या शॉपमधली, सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवायची जुनी केबल मालकांना विचारून थोड्या दिवसांसाठी घरी आणली. दोन आणि तीन नंबरच्या तारा उलट हव्या होत्या, म्हणून मध्ये एक छोटा जोड झाळून केला. एकही अक्षर सांडलं नाही. सिरियलसाठी पैसे खर्च करणार असाल तर कारखान्यात वापरतात तसली केबल आणि कन्व्हर्टर घ्या, स्वस्तातलं घेऊ नका.

त्या केबलवरून अठराव्या रात्री दोन्ही ओळींचे बाइट शेजारी शेजारी आले.

टाइप केलेलं नाव: ई० ए४ बी१. म्हणजे 'ऱ'.

यादीतलं नाव: ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी. म्हणजे 'र' आणि त्यापुढे वेगळा नुक्ता.

शेपर निर्दोष होता. फाइल सिस्टिममध्ये जाऊन अक्षरच बदललं होतं. ०.३ मध्ये नावांची तुलना पक्की व्हावी म्हणून मी प्रत्येक नाव साठवण्याआधी युनिकोडच्या एनएफडी या सुट्या केलेल्या रूपात मोडत होतो, आणि युनिकोडच्या तक्त्यात 'ऱ' मोडला की 'र' अधिक नुक्ता होतो. नियमाप्रमाणे दोन्ही रूपं एकच. पण माझा शेपर अक्षराच्या सुरुवातीला 'ऱ' आणि हलन्त शोधतो, त्याला तिथे नुक्ता दिसला आणि तो पुढे निघून गेला.

हार्फबझ या तयार शेपरचा सोर्स उघडला तर भारतीय लिपींच्या भागात नेमकी हीच गोष्ट आहे. मोडण्याजोग्या अक्षरांतून यू+०९३१ ला हाताने वगळलंय: हे मोडू नका. एक ओळ. आपल्या 'ऱ्या'साठी कुणीतरी तिथे ती लिहून ठेवली आहे, हे बघून फार बरं वाटलं. मीही तीच ओळ माझ्या शेपरमध्ये घातली, शिवाय र-नुक्ता-हलन्त असा क्रम आला तरी अर्धा र काढायचा असा नियम जोडला. दोन रात्रींत यादी सुधारली.

पण मला ती दुरुस्ती ठिगळासारखी वाटत होती. माणसाने दिलेलं नाव साठवताना आपण बदलायचंच कशाला? मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिममध्ये नावं मोडूनच साठवली जायची. झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम नाव जसं दिलं तसंच ठेवते आणि सांगितलं असेल तर फक्त तुलना करताना सामान्य रूप काढते. मला दुसरी रीत पटली. उरलेल्या तीन रात्री त्यात गेल्या. आता डिस्कवर मूळ बाइट राहतात, शोधताना नावाच्या सामान्य रूपाची एक वेगळी किल्ली बनते. काल रात्रीचं यश ते हे.

एवढं लिहून झाल्यावर नोंद टाकण्याआधी सहज एक चाचणी केली: शिफ्ट-जेने 'दऱ्या' आणि फोनवरून आणलेलं जोडकवालं 'दऱ्या'. दोन्ही फाइली झाल्या. यादीत तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावं. युनिकोडचं सामान्यीकरण र-हलन्त-जोडक आणि ऱ-हलन्त यांना एक मानत नाही, आणि मी आता जोडक गाळतही नाही. म्हणजे आप्पांनी फोनवर नाव दिलेली फाइल मी कळफलकावरून उघडू गेलो तर ती सापडणार नाही. हे चालणार नाही.

तेव्हा बेत बदलला. नेटवर्क पुढे ढकलतोय, आधी किल्ली बनवतानाचा एक जास्तीचा नियम: र, हलन्त, जोडक असा क्रम आला की त्याचं ऱ, हलन्त करायचं. फक्त किल्लीत, डिस्कवरच्या नावाला हात लावायचा नाही. नेपाळीतही हा अर्धा र जोडकाने लिहितात, त्यामुळे त्यांच्या नावांनाही याचा उपयोगच होईल. बाकीचे जोडक किल्लीत जसेच्या तसे ठेवावेत असं सध्या वाटतंय, कारण 'क्ष' आणि मुद्दाम सुटा लिहिलेला 'क्‍ष' डोळ्याला वेगळे दिसतात. यावर तुमचं मत हवंय. इन्स्क्रिप्टवाले आणि लिप्यंतराचा कळफलक वापरणारे, दोघांनीही स्वतःच्या फाइलींची पाच-सहा नावं पाठवा. 'ऱ्ह'वाली असली तर फारच उत्तम, 'गुऱ्हाळ' आणि 'वऱ्हाड' माझ्याकडे आहेत.

आणखी एक, आत्ताच डोक्यात आलेलं. किल्लीसाठी नाव अक्षरागणिक तोडावंच लागतंय, तर तेच तुकडे शेपरच्या निकालासकट लक्षात ठेवता येतील. आप्पांच्या फाइलीत 'च्या', 'ला', 'आणि' सारखी येतात, दर वेळी नव्याने जुळवायची गरज नाही. आधी मोजतो, मग बोलतो.

केबल सोमवारी शॉपमध्ये परत द्यायची आहे. तोवर दोन रात्री हातात आहेत.