मुंबईच्या गोदीतली ‘त्रिंकोमाली’ १:६४ मापात बांधताना

‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडांची युद्धनौका. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. प्रतिकृतीसाठी मी हेच जहाज घेतले, कारण कुठे अडले तर खऱ्या जहाजाचे फोटो ताडून पाहता येतात. शिवाय ते लेडा वर्गातले असल्याने त्या वर्गाचे नौदलाचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. (मुंबईला पाठवलेले आराखडे ‘जावा’ या जहाजाबरोबर १८१२ साली ब्राझीलजवळच्या लढाईत नष्ट झाले. नवी प्रत येईपर्यंत काम थांबले होते.)

तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट साडेचार इंच, रुंदी जवळपास ४० फूट. १:६४ मापात हे ७१६ आणि १९० मिमी होते. एक फूट म्हणजे ४.७६ मिमी, हा आकडा तोंडपाठच करावा. पुढची तिरपी काठी धरून मीटरभराहून थोडी जास्त जागा लागते. १:९६ ला जहाज टेबलावर सहज मावते, पण त्या मापात डोलकाठीवर चढायच्या शिडीचे आडवे दोर साडेतीन-पावणेचार मिमी अंतरावर बांधावे लागतात आणि हात थकतात. म्हणून १:६४.

आराखड्याची झेरॉक्स काढताना पहिली चूक होते. मशीन कागद एक टक्का ताणते. ७१६ मिमीवर ती सात मिमीची चूक आहे, आणि लांबीत व रुंदीत ती सारखी नसते. कागदावरची मापपट्टी उभी आणि आडवी, दोन्हीकडे मोजूनच पुढे जा. दुसरी गोष्ट म्हणजे ब्रिटिश आराखड्यातल्या रेषा फ्रेमच्या (आतल्या आडव्या सांगाड्याच्या) बाहेरच्या कडेच्या असतात, फळीच्या नव्हेत. चार इंची फळी या मापात १.६ मिमी. मी दोन थर घेतले, १.५ आणि ०.६, म्हणजे २.१ मिमी. तेव्हा प्रत्येक फ्रेम अर्धा मिमी आत कापली.

लाकडाबद्दल एक सांगतो. खरे जहाज सागाचे आहे म्हणून प्रतिकृती सागाची करायचा मोह आवरा. सागाच्या रेषा या मापात दोरखंडाएवढ्या जाड दिसतात आणि पातळ पट्टी वाकवताना रेषेवरच फाटते. पहिल्या थराला शिवण घेतले: हलके, स्थिर, कानशीला सोपे. दुसऱ्या थराला आणि कोरीव भागांना हेदू. त्याचा पिवळसर बारीक पोत या मापाला शोभतो. साग फक्त बैठकीला.

पठाण, म्हणजे कील, जहाजाचा तळाचा कणा, ६ मिमी मरीन प्लायची आणि तिच्यावर ४ मिमी प्लायच्या एकोणीस आडव्या फ्रेम, साधारण ३८ मिमी अंतराने. ४ मिमीचा प्लाय प्रत्यक्षात ३.७ निघतो, खाच कापण्याआधी कॅलिपर लावा, नाहीतर फ्रेम डुलते. प्लायची पठाण स्वभावतः वाकते. माझी पहिली भिंतीला टेकवून ठेवली होती, ती तीन मिमी वाकली आणि फेकावी लागली. दुसरी कापल्या दिवशीच १८ मिमीच्या सपाट फळीवर दोन अॅल्युमिनियम अँगलच्या मध्ये घट्ट धरली आणि पहिला थर पूर्ण होईपर्यंत सोडली नाही. प्रत्येक फ्रेम गुण्याने काटकोनात आहे का तपासायची, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोरा ताणून सगळ्या मध्यरेषा त्याखाली येतात का पाहायचे. पारशी रिवाजाप्रमाणे खऱ्या जहाजाच्या कीलमध्ये चांदीचा खिळा ठोकला होता; मी पठाणीत चांदीच्या तारेचा ५ मिमी तुकडा बसवला. तो आता कुणाला दिसत नाही, पण आहे.

फ्रेम बसल्या की लगेच फळ्या लावू नयेत. ५ × १.५ ची एक सरळ पट्टी फ्रेमवरून तिरपी, आडवी, सगळीकडून फिरवा. ती प्रत्येक फ्रेमला पूर्ण जाडीभर टेकली पाहिजे. पुढच्या चार आणि मागच्या चार फ्रेमना कानशीने चांगलाच उतार द्यावा लागतो. तो नसेल तर पट्टी फक्त कडेवर टेकते आणि पॉलिश झाल्यावर जहाजाच्या अंगावर बरगड्या दिसतात. नाळेजवळ फ्रेमच्या मध्ये शिवणीचे ठोकळे भरा, तिथे वळण सर्वांत तीव्र असते. पठाणीला दोन्ही बाजूंनी पताम, म्हणजे लांब खाच, काढायला विसरू नका, तळाची फळी त्यातच बसते.

फळ्यांचे गणित मी कागदाच्या पट्टीने केले. सर्वांत रुंद फ्रेमवर पठाणीपासून कठड्यापर्यंत २१० मिमी आले, म्हणजे ५ मिमीच्या बेचाळीस फळ्या. नाळेवर जागा १२० मिमी. भागाकार केला तर प्रत्येक फळीचे टोक २.८६ मिमी. नियम असा की फळी अर्ध्याहून अरुंद करायची नाही. आकडा अर्ध्याखाली गेला तर दोन फळ्यांच्या जागी एक आणायची. मागे उलटे होते, जागा वाढते, तिथे पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो. ओढूनताणून फळी तिकडे वळवली तर कड उचलली जाते.

सगळ्यात नुकसान करते ती पठाणीलगतची पहिली फळी. ती नाळेवर वर चढू दिली की तिच्यावरची प्रत्येक फळी आणखी वर ढकलली जाते, आणि विसाव्या फळीला पुढे जागाच उरत नाही. तिचे पुढचे टोक आखूड आणि खाली ठेवा.

पट्टी गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून वळणावर कपड्याच्या चिमट्यांनी बांधून रात्रभर वाळवायची आणि मगच चिकटवायची. ओली चिकटवली की वाळताना रुंदीत आक्रसते आणि सांधे उघडतात. एक फळी डावीकडे, मग एक उजवीकडे. एकाच बाजूला पाच लावल्या तर पठाण पीळ खाते आणि तो नंतर निघत नाही. गोंद पांढरा फेविकॉल. झटपट गोंदाचे डाग पॉलिश पीत नाहीत आणि तिथे फिकट ठिपके राहतात. मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. पावसाळ्यात फुगलेल्या पट्टीचा घट्ट बसवलेला सांधा थंडीत केसभर उघडतो.

तोफांच्या खिडक्या मुख्य मजल्यावर दर बाजूला चौदा. त्यांच्या खालच्या-वरच्या कडा पाणरेषेला नव्हे, मजल्याच्या वळणाला समांतर असतात. उभ्या कडा मात्र पाणरेषेला काटकोनात. त्यामुळे खिडकी चौरस नसून किंचित तिरपी असते. एक लवचिक पट्टी मजल्याच्या वळणाने लावून रेघ मारली की सगळ्या एका ओळीत येतात. स्वतंत्रपणे मोजून कापलेल्या खिडक्या कितीही काळजी घेतली तरी नाचतात.

तांब्याचा पत्रा चार फूट बाय चौदा इंचांचा धरला तर या मापात १९ × ५.६ मिमी होतो. मी चिकट तांब्याची टेप कापून सुमारे दीड हजार तुकडे लावले. आधी सपाट फळीवर जहाज बसवून, ठराविक उंचीच्या ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून पाणरेषा मारा. लावणे मागून पुढे, म्हणजे पुढच्या तुकड्याची कड मागच्यावर येते आणि पाण्याच्या प्रवाहाला अडत नाही. हातमोजे घालाच, बोटाचा ठसा आठवड्यात काळा पडतो.

डोलकाठी गोल करताना चौकोनी काठीपासून सुरू करून आठ पैलू, मग सोळा, मग काचकागद. थेट ड्रिलमध्ये धरून घासली तर मध्ये बारीक होते. परबाणांवरचे (शिडे बांधायच्या आडव्या काठ्यांवरचे) लहान कप्पे, म्हणजे दोराच्या चाक्या, परबाण वर चढवण्याआधी बांधा. नंतर दोरांच्या जाळ्यात हात शिरत नाही.

दोरांच्या जाडीत जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. जुन्या कोष्टकांत दोराचा घेर दिलेला असतो, व्यास नाही. घेर नऊ इंच म्हणजे व्यास २.८७ इंच, या मापात १.१४ मिमी. घेरालाच व्यास समजून घेतला तर ३.५७ मिमीचा दोर होतो आणि जहाज खेळण्यासारखे दिसते. डोलकाठीला बाजूंनी धरणारे उभे दोर गडद तपकिरी, डांबर लावल्यासारखे. शिडे ओढणारे दोर फिकट. सुती दोरा दमट हवेत आक्रसून ताठ होतो नि कोरड्यात ढिला पडतो. मी पॉलिस्टरचे तीन धागे पिळून दोर वळले आणि कापलेल्या टोकांना पातळ गोंद लावला.

उभे दोर जोडीने बांधतात: पहिली जोडी उजवीकडे सर्वांत पुढे, दुसरी डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एका बाजूच्या सगळ्या आधी ताणल्या तर डोलकाठी तिकडे झुकते. शेवटी शिडीचे दोर. मागे ५.५ मिमी अंतराने रेघा मारलेला पुठ्ठा ठेवून प्रत्येक छेदावर क्लोव्ह हिचची गाठ, फक्त टेकेल इतकीच घट्ट. जरा ओढली की उभे दोर मध्ये आवळले जातात आणि शिडीला कंबर येते. दर पाच ओळींनी पुठ्ठा काढून समोरून पाहा. कंबर दिसली तर त्या पाच ओळी कापून पुन्हा बांधायच्या.