मामा घरी बसले

सिनेमातला अशोक सराफ घरात फारसा टिकायचा नाही. कुणाला तरी टोपी घालायला निघालेला, नाहीतर टोपी घातलेला माणूस मागे लागलाय म्हणून पळत सुटलेला. त्याला सोफ्यावर बसवलं ते टीव्हीने.

१९९५ साली झी टीव्हीवर 'हम पाँच' सुरू झाली. आनंद माथुर नावाचा पापभीरू गृहस्थ, पाच मुली, दुसरी बायको बीना आणि भिंतीवरच्या फोटोत पहिली बायको. ही वारली होती, पण बोलायची थांबली नव्हती. टोमणे तर खास तिचे. त्या चौकटीत प्रिया तेंडुलकर होती, दूरदर्शनवर 'रजनी' होऊन अख्ख्या देशाला जाब विचारून आलेली. आता जाब द्यायला एकटा नवरा उरला. घर हिंदीभाषक माथुरांचं, पण नवरा आणि दिवंगत पत्नी दोघंही आपलीच, याची आमच्या चाळीत उगाच ऐट होती.

धमाल सगळी मुली करायच्या. काजलभाई दादागिरी करणार, स्वीटी आरशासमोरून हलणार नाही, मीनाक्षी स्त्रीमुक्तीचं भाषण ठोकणार. राधिका कानाने अधू, त्यामुळे उत्तर भलतंच. (ही राधिका काही काळ विद्या बालननेही केली, हे पुढे कळल्यावर लोक जुने भाग शोधत बसले.) या गोंधळात मामा काय करायचे? ऐकायचे. एकेकीचं ऐकता ऐकता चेहरा उतरत जायचा, मग नजर हळूच फोटोकडे वळायची आणि तिथूनही फटका बसायचा. माझ्या मते त्यांचं खरं कसब या ऐकण्यात आहे. सिनेमात त्यांनी बोलून हसवलं. पण मालिकेत दर आठवड्याला नवा विनोद आणणार कुठून? तिथे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, आता हा माणूस वर बघणार. तो बघायच्या आतच आपण हसायला लागतो.

पुढे २०२४ च्या अखेरीस कलर्स मराठीवर 'अशोक मा. मा.' आली. माथुर सगळ्यांना भ्यायचा, इथले त्यांचे अशोक माजगावकर सगळ्यांना शिस्त लावणार. वयाची ७७ वर्षं उलटलेला माणूस रोजच्या मालिकेच्या चरकात स्वतःहून शिरतो, याचं मला पद्मश्रीपेक्षाही जास्त कौतुक वाटतं. स्टेट बँकेची नोकरी सांभाळून ज्याने नाटकं केली, त्याला बहुधा हजेरीपटाची धास्ती नसावी.

दरम्यान घरातली खरी टीव्हीस्टार बदलली होती. मुलगा लहान असताना पडद्यापासून लांब राहिलेल्या त्यांच्या पत्नी निवेदिता सराफ २०१९ मध्ये 'अग्गंबाई सासूबाई'त आसावरी होऊन आल्या आणि संध्याकाळी साडेआठला आमच्या काकूने फोन उचलणं बंद केलं. सासरे ओरडतायत, लाडावलेला मुलगा बबड्या राबवून घेतोय आणि ही बाई हसतमुखाने कांदा चिरतेय. तिचं दुसरं लग्न सूनच लावून देते, हे बघताना काकूने डोळे पुसले. घरात मात्र या विषयावर चकार शब्द काढला नाही. आसावरीचा सोशिकपणा मला कधीकधी अति वाटायचा. काकूला तो अजिबात अति वाटायचा नाही, आणि कांदा चिरण्याचा अनुभव तिचा जास्त.

त्या मालिकेत आसावरीला नवरा मिळाला तो शेफ. इकडे सराफांचा खरा मुलगा अनिकेत, तोही शेफच. दोन नटांच्या पोटी जन्मून तो भटारखान्यात रमला. आईही यूट्यूबवर पाककृती दाखवते. म्हणजे या घरात रांधणारे दोघं झाले. आईच्या हातची भाजी बरी की लेकाचा केक, असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर निघाला, तर तिथे आनंद माथुरच कामाला येत असेल.