तुम्ही विचारलंत म्हणून: विसांतला एक

मी पियानो वाजवते आणि जर्मन संगीतकार ब्राम्सवर माझा जीव आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्याच्या अखेरच्या छोट्या रचनांमधली तुमची सगळ्यांत आवडती कोणती? परवा तुम्हीही तेच विचारलंत. उत्तर आहे ओपस ११९ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा किंवा संचाचा क्रमांक) मधली पहिली रचना, बी मायनर या स्वरपट्टीतला इंटरमेझो, म्हणजे पियानोसाठीची एक छोटी, सुटी रचना.

ओपस ११६ ते ११९ या चार संचांत मिळून वीस रचना आहेत, त्यांतले चौदा इंटरमेझो. १८९२-९३ मध्ये हे संच छापून आले तेव्हा ब्राम्स साठीला टेकला होता. त्याआधी १८९० मध्ये तर आता लिहिणं पुरे असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. सिंफनी आणि कंचेर्तो यांसारख्या वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना लिहिलेल्या माणसाने शेवटी एकट्या पियानोसाठी चार-पाच मिनिटांच्या गोष्टी लिहाव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बहुतेकांचं मत पडतं ते ओपस ११८ मधल्या दुसऱ्या, ए मेजरमधल्या इंटरमेझोला. तो सुंदर आहेच. पण तो पहिल्या दोन ओळींतच तुम्हाला जवळ घेतो. बी मायनरवाला तसं काही करत नाही.

सुरुवात ऐका. एफ शार्प, डी, बी, जी... एकेक सूर वगळून चाल खाली उतरत जाते. पण उतरताना मागचे सूर सोडायचे नसतात, बोटांनी धरून ठेवायचे असतात. पहिल्या तिघांनी बी मायनर झालं असं वाटतं तोवर खाली जी येतो, आणि वर अजून वाजत असलेला एफ शार्प त्याला घासतो. म्हणजे जे सुटे सूर म्हणून आले तेच एकमेकांवर साचून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, होतात, आणि कॉर्ड पुरता तयार होईपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. आपला कान तानपुऱ्यावर वाढलेला. षड्ज कुठे आहे हे गाणं सुरू होण्याआधीच माहीत असतं. इथे तो आधार काढून घेतलेला आहे. षड्ज बी की डी, म्हणजे बी मायनर की डी मेजर, हा निर्णय ब्राम्स पुढे ढकलत राहतो. आणि मधल्या भागात खरोखरच डी मेजर येतं, तेव्हा चाल पहिल्यांदा मोकळेपणाने वर चढते. ते चढणं इतकं पोटातून येतं, कारण आधी सगळं घरंगळत खालीच येत होतं.

१८९३ च्या मे महिन्यात ब्राम्सने ही रचना त्याची जुनी मैत्रीण, पियानोवादक क्लारा शुमान हिला पाठवली. सोबतच्या पत्रात त्याने लिहिलं की हिच्यात विसंवादी सूर खच्चून भरलेत, आणि प्रत्येक सूर गती मंदावत असल्यासारखा वाजायला हवा, जणू एकेका सुरातून उदासी शोषून घ्यायची आहे. क्लारा तेव्हा ७३ वर्षांची होती, जाहीर मैफली तिने थांबवल्या होत्या. तिने या रचनेला राखाडी मोती म्हटलं: पडद्याआडून दिसावा तसा, आणि फार मोलाचा. याहून नेमकं मला कुणाचंच बोलणं सापडलेलं नाही. ओपस ११८ त्याने क्लारालाच अर्पण केला आहे, तरी मला या पत्रामुळे हा इंटरमेझो तिचा अधिक वाटतो.

वाजवायला तो कठीण दिसत नाही. बोटं फार पळवावी लागत नाहीत. पण सूर लांबवणारं पायातलं पेडल जरा जास्त दाबलं की नुसता चिखल होतो, आणि कमी दाबलं की सूर कोरडे, एकटे पडतात. प्रत्येक सूर रेंगाळायला हवा हे खरं, पण प्रत्येक सुरावर थांबलं तर तीन मात्रांचा ठेका मरतो. ठेका जिवंत ठेवून रेंगाळणं, ही सगळी कसोटी एवढीच आहे. म्हणूनच या संचांतल्या कॅप्रिचिओ नावाच्या वेगवान रचनांपेक्षा मला हाच अवघड वाटतो.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर पियानोवादक राडू लुपूचं ध्वनिमुद्रण घ्या. ग्लेन गूल्ड या पियानोवादकानेही निवडक इंटरमेझोंत हा वाजवलाय, तोही ऐका. पण माझं माप लुपूच्या पारड्यात पडतं, कारण धरलेल्या सुरांचं एकमेकांना घासणं मला त्याच्या हातून सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. आणि ऐकताना दुसरं काही काम करू नका. चारच मिनिटांचा प्रश्न आहे.