कणकुंबीला जाणार असाल तर स्कूटर घरीच ठेवा

जांबोटी ते कणकुंबी जेमतेम १८-२० किलोमीटर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेवढ्याला मला एक तास चाळीस मिनिटं लागली. "रस्ता नवा झालाय, बेळगावातनं तासाभरात पोचतोस. आणि तिथं मलप्रभा नदीच्या उगमाला मोठा धबधबा आहे बघ," असं शहापुरातल्या एका ओळखीच्या माणसानं छातीठोक सांगितलं होतं. रस्ताही तसा नाही आणि धबधबाही नाही.

बेळगाव ते जांबोटी काही अडचण नाही. जांबोटीचा नाका सोडून जंगल सुरू झालं की सांभाळा. डांबराचे तुकडे मधेमधे बेटासारखे उरलेत, बाकी सगळे खड्डे. तेही पाण्यानं काठोकाठ भरलेले, त्यामुळे वीतभर खोल आहे की गुडघाभर ते चाक आत गेल्यावरच कळतं. त्यातच गोव्याला भाजी नेणारी पिकअप समोरून चुकवत चुकवत तुमच्याच अंगावर येते. बाजूला घ्यावं तर साइडपट्टी म्हणजे नुसता तांबडा चिखल. एका वळणावर माझं पुढचं चाक असं आदळलं की रिम वाकली आणि ट्यूब गेली. मोबाइलला रेंज नाही. अर्धा तास पावसात उभा राहिल्यावर एक रिकामी पिकअप थांबली. गाडी टाकून कणकुंबीपर्यंत न्यायचे १५०० रुपये सांगितले. ८०० वर तुटलं, तेही मी परत चालायला लागल्यावर. ८०० सुद्धा जास्तच आहेत. अडलात तर ५०० च्या वर देऊ नका, आणि गाडी चढवण्याआधी भाव ठरवा.

बारीक चाकाच्या स्कूटरनं इथं येऊच नये. दुचाकीच हवी असेल तर मोठ्या चाकाची घ्या, जास्तीची ट्यूब आणि हवेचा पंप जवळ ठेवा. पावसाळ्यात बस सगळ्यात बरी, फक्त परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. अंधार पडल्यावर हा रस्ता कुणीही करू नये. खड्डे आहेतच, शिवाय जंगलात अस्वलं आहेत.

कणकुंबीत मी चिखलानं माखून, वैतागून उतरलो. माऊली देवीच्या देवळाशी एक आजोबा बसले होते. "बेळगावास्नं आलासा काय?" त्यांनी विचारलं. धबधबा कुठं आहे म्हटल्यावर त्यांनी कुंडाकडे बोट केलं. "धबधबा नाही हो. हीच ती मलप्रभा."

दगडी बांधणीचं कुंड, काठावर शेवाळ, तळाशी पडलेली नाणी दिसावीत इतकं नितळ पाणी. कडेनं हाताच्या पंजाएवढी धार बाहेर पडत होती. मी बूट काढले, त्या धारेत पाय ठेवले आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. ही धार ३०० किलोमीटरच्या वर वाहते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात थांबते, पुढे चालुक्यांच्या पट्टदकल आणि ऐहोळेच्या काठानं जाते आणि कुडलसंगमाला कृष्णेला मिळते. म्हणजे इथलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. गावाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस म्हादईत उतरतो आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात जातो. एकाच गावावरच्या पावसाच्या दोन वाटा! ते तिथं उभं राहून बघितलं आणि वाकलेली रिम विसरलो.

म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक-गोव्याचं भांडण इथं येऊन बघावं. म्हादईला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी खोदलेला कालवा गावालगतच आहे. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं, त्यातलं ३.९ टीएमसी कळसा आणि बंडुरा हे दोन नाले मिळून मलप्रभेकडे वळवायचं. गोव्याचा त्याला विरोध आहे. गावात सगळीकडे मराठीच कानावर पडते. १ नोव्हेंबर १९५६ ला खानापूर तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, बोली मात्र तीच राहिली. माऊलीची मोठी यात्रा बारा वर्षांनी भरते, त्या दिवसांत गर्दीच्या तयारीनंच या.

रिम कशीबशी ठोकून, नवी ट्यूब घालून दुसऱ्या दिवशी परत निघालो. ऊन होतं, गाडी सावकाश चालवली, काही झालं नाही. वाटेत हब्बनहट्टीला मात्र थांबाच. मारुतीचं देऊळ थेट मलप्रभेच्या पात्रात आहे, जोराच्या पावसात ते पाण्याखाली जातं. मी गेलो तेव्हा पूर ओसरला होता. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती आणि एक माणूस खराट्यानं पायरीवरचा चिखल लोटत होता. काल घोट्यापर्यंत होती ती हीच नदी, एवढ्याशा अंतरात देऊळ बुडवण्याइतकी होते. पायऱ्या भयंकर निसरड्या आहेत. पाणी गढूळ असेल तर पात्रात उतरू नका, पोहता येत असलं तरी.

नोव्हेंबरमध्ये या. पाऊस थांबलेला असतो, जळवा नसतात, खड्ड्यांचा तळ दिसतो. आणि पेट्रोल बेळगावातच भरा.