फ्लेमिंगोच्या पायातलं कडं

ठाणे खाडीतला फ्लेमिंगोंचा ठरलेला फोटो म्हणजे एकदम उडालेला थवा आणि मागे उंच इमारती. लाइक्स भरपूर मिळतात, पण बऱ्याचदा होडी अंगावर घातल्यामुळेच तो थवा उडालेला असतो. संवर्धनाला खरा उपयोगी फोटो वेगळाच: शांतपणे चरणारा एक पक्षी आणि त्याच्या पायातलं वाचता येणारं कडं.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) इथल्या काही फ्लेमिंगोंना कोरीव अक्षरांची प्लॅस्टिकची कडी घातली आहेत. त्या अक्षरांच्या कोडवरून नेमका पक्षी ओळखता येतो. तोच पक्षी ओहोटीला खाडीत आणि भरतीला नेरूळच्या पाणथळीवर टिपला गेला, की दोन्ही जागा त्याला लागतात याचा तारीखवार पुरावा मिळतो. ‘हे डबकं बुजवलं तर काय बिघडलं?’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला हाच फोटो लागतो.

भरतीचं वेळापत्रक पाहून निघा. पाणी चढायला लागलं की चिखलपट्टा आक्रसतो आणि पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. पाठलागाची गरजच नसते. सकाळी लवकर जा. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी अक्षरं विरघळतात.

लेन्स किमान ४०० मिमी. होडीत असाल तर इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्स होडीच्या काठावर टेकवू नका, कंप थेट कॅमेऱ्यात येतो. शटर १/१२५० सेकंद किंवा त्याहून जलद. काळ्या चिखलामुळे कॅमेरा फसतो, पक्षी पांढराफटक येतो आणि फिक्या कड्यावरचा कोड पुसला जातो. म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप खाली. कडं पाण्याखाली असेल तर पाऊल उचलेपर्यंत थांबा आणि बर्स्ट मारा, म्हणजे सलग फोटो घ्या. चरणं थांबवून सगळ्या माना वर झाल्या, थवा एकाच दिशेने चालू लागला, तर तुम्ही फार जवळ आला आहात. तिथूनच मागे फिरा.

नोंदीत कड्याचा रंग, कोड, पाय डावा की उजवा (पक्ष्याचा, आपला नव्हे), कडं गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, जागा आणि वेळ हवी. कॅमेऱ्याचं घड्याळ आधीच तपासा. फोटो आरशासारखा उलटवू नका, डाव्याचा उजवा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि बारकावे जातात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने बीएनएचएसला पाठवा. एखादं अक्षर दिसत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने भरलेलं अक्षर भलत्याच पक्ष्याच्या खात्यावर जमा होतं.