इंग्रजी तीन की इंग्रजी आठ

आजोबांची एमजी टीसी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, माझ्या नावावर व्हायला अकरा महिने लागले. गाडी चालू स्थितीत, विमा भरलेला, आई आणि दोन्ही मामांची संमती. अडलं होतं चासी नंबरातल्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरातल्या, एका आकड्यावर.

गाडी १९४८ची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात जेमतेम दहा हजार टीसी बनल्या. १२५० सीसीचं इंजिन, एकोणीस इंची तारांची चाकं, मागच्या बाजूला बिजागरी असलेले दरवाजे. आजोबा तिचे तिसरे मालक. पहिले एका कंपनीतले इंग्रज साहेब, दुसरे दादरचे पारशी डॉक्टर. त्यांच्याकडून आजोबांनी ती १९६६ साली घेतली. लहानपणी मामा मला तिच्या बॉनेटवर बसवून फोटो काढायचा.

फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, सगळं घेऊन आरटीओत गेले. खिडकीतल्या बाईंनी चासी नंबरची पेन्सिल प्रिंट मागितली.

गॅरेजवाल्या काकांनी रॉकेलच्या फडक्यानं चासी पुसली, ब्रशनं रंगाचे जुने थर हळूहळू काढले. मग त्यावर पातळ कागद धरून आडवी पेन्सिल फिरवली. कागदावर एकेक आकडा उमटत गेला. चौथ्या आकड्याला काका थांबले. "ताई, हा तीन आहे. तुमच्या आरसी बुकात आठ आहे."

मूळ पुस्तक पावसात भिजल्यामुळे आजोबांनी सत्तरच्या दशकात डुप्लिकेट काढलं होतं. उतरवून घेताना कुणीतरी तिनाचा आठ केला. पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यालयात मला सांगितलं गेलं, नंबर जुळत नाही म्हणजे चासी बदललेली असू शकते. मला धस्स झालं, कारण मला पुढे व्हिंटेज नोंदणी करायची होती. २०२१च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी तर हवीच, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदलही झालेला नसावा. एका एजंटानं बाजूला घेऊन सुचवलं, "मॅडम, चासीवरच पंच मारून आठ करून टाकू. पाच मिनिटांचं काम." मी तिथून उठले. गुन्हा तर तो आहेच. पण टीसीचे चासी नंबर ०२५१पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. तिथल्या कामगाराच्या हातचा तो तीन आठ करायला माझं मन धजेना.

पुरावा घरातच निघाला. आजी म्हणाली, "ह्यांनी गाडीचा एकही कागद टाकलेला नाही." देवघराच्या कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १९६६च्या विम्याचे कागद होते, डॉक्टरांनी हातानं लिहून दिलेली विक्रीची पावती होती आणि एक वही. वहीत डॉक्टरांनी प्रत्येक ग्रीसिंग, प्रत्येक ऑइल बदल मैलांसह लिहिला होता, त्याच्या खाली आजोबांचं अक्षर सुरू होतं. विमा आणि पावती, दोन्हीकडे चौथा आकडा स्वच्छ तीन. पहाटेपर्यंत मी ती वही वाचत होते. अशा मालकांच्या हातांतून ती आली, म्हणून तिचं मूळ इंजिन आजही तिच्यातच आहे.

मग नोंदीतल्या दुरुस्तीचा अर्ज, नवं प्रतिज्ञापत्र आणि चार हेलपाटे. शेवटी तपासणीसाठी गाडी न्यायची वेळ आली. आम्ही सकाळी सहालाच निघालो, ट्रॅफिकमध्ये ती तापायला नको म्हणून. इन्स्पेक्टर साहेब टॉर्च घेऊन खाली वाकले, बोटानं चाचपत एकेक आकडा मोठ्यानं वाचला. चौथ्याला म्हणाले, "तीन." इंजिनाचा नंबर अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो, तो मी दाखवला. तोही जुळला.

माझ्या नावाचं आरसी कार्ड आलं, ते मी पहिल्यांदा आजीच्या हातात दिलं. व्हिंटेजचा अर्ज आता भरते आहे. त्यात आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो, त्यामुळे आजोबांनी स्वतः रंगवलेली पाटी उतरवावी लागणार नाही.