शेवटची दोन मिनिटं

आज सॅल्मन जमला. अगदी हवा तसा. साडेअकरा वाजलेत, भांडी घासून झाली, बोटांना अजून लसणाचा वास येतोय आणि झोपायच्या आधी हे लिहून ठेवतेय, कारण याआधी दोनदा फसला होता आणि दोन्ही वेळा जीव हळहळला होता, एवढा सुंदर मासा आणि आपण त्याची माती केली म्हणून.

पहिल्या वेळी मध आणि सोया सॉस आधीच चोळून अर्धा तास मुरत ठेवला आणि तसाच तापलेल्या पॅनवर टाकला, दोन मिनिटांत धूर, बाहेरून काळा कडवट आणि आतून कच्चा. मधातलं फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग धरायला लागतं आणि मासा भाजायला पॅन त्याहून बराच गरम लागतो, म्हणजे आधी लावलेला मध करपणारच. दुसऱ्या वेळी भीतीने ओव्हनमध्ये जास्तच ठेवला. करपला नाही, पण कोरडाठाक झाला आणि कडेने पांढरं पांढरं साकळून आलं. ते अल्ब्युमिन, माशातलंच प्रोटीन, मांस आकसलं की पिळून बाहेर येतं. खायला काहीच हरकत नाही, पण खूप दिसलं की समजायचं, आच जास्त झाली.

म्हणून आज घाई नाही केली. दोन तुकडे, मधे साधारण अडीच सेंटीमीटर जाड. उलट्या बोटाने चाचपून काटे शोधले आणि ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेला चिमट्याने ओढले, उलटं ओढलं की मांस फाटतं. मग अर्धा लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पंधरा मिनिटं. या मिठाच्या पाण्याने ते पांढरं बरंच कमी येतं, आज फरक डोळ्यांनी दिसला. नंतर टिशूने टिपून टिपून कोरडे केले, कातडी ओली राहिली तर कुरकुरीत होतच नाही.

पाक वेगळा केला. तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे मध, ठेचलेला लसूण, किसलेलं आलं, मंद आचेवर. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की गॅस बंद, थोडा सैल वाटला तरी, कारण गार होताना तो घट्ट होतोच. लिंबू सगळ्यात शेवटी. जपानी तेरियाकी या शब्दातलं ‘तेरि’ म्हणजे चकाकी आणि ‘याकि’ म्हणजे भाजलेलं, आणि ती चकाकी येते ती याच आटलेल्या साखरेची. किती नेमकं नाव आहे.

मग मध्यम आचेवर कातडीची बाजू खाली, पहिली दहा-पंधरा सेकंदं उलथन्याने हलकं दाबून धरलं म्हणजे तुकडा वाकडा होत नाही, आणि त्यानंतर हातच लावला नाही. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे. बाजूने बघायचं, गडद केशरी रंग खालून हळूहळू फिकट गुलाबी होत वर चढत जातो, अगदी रेषा दिसते. ती रेषा पाऊण उंचीला आली तेव्हा उलटला, अर्ध्या मिनिटाने आच कमी केली, आणि मग पाक. आधी पातळ, मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक आणि दाट होतात, तो चमच्याने पुन्हा पुन्हा वरून सोडत राहायचा. जेमतेम दोन मिनिटं. गोडाला एवढाच वेळ पुरतो.

मासा आतून ५२ अंश झाल्यावर उतरवला, उतरवल्यावरही तो आत शिजत राहतो. अमेरिकेच्या सरकारी सल्ल्यात ६३ सांगितलंय, आणि घरात लहान मूल किंवा कोणी गरोदर असेल तर मी तेच पाळेन. आम्हा दोघांना मात्र हा असा पाकळ्या पाकळ्या सुटणारा, मधे ओलसर असलेलाच आवडला.

दादा नेहमी कातडी काढून ताटाच्या कडेला ठेवतो. आज ती आधी संपवली आणि म्हणाला, तुझी खाणारेस का गं? अर्धी दिली त्याला.

पुढच्या वेळी मध दीड चमचा. आणि लिंबू आणखी थोडं.